परमुलखातील तहान आणि दुकानदाराचे फळकूट

माणूस पोटापाण्यासाठी घर सोडतो तेव्हा कपडे, कागदपत्रे आणि थोडे पैसे बरोबर नेतो. जिभेची सवय मात्र न सांगता त्याच्याबरोबर जाते. भाकरी-कालवण तो परमुलखातही हाताने करून खातो. ज्वारीचे पीठ मिळाले नाही तर गव्हावर भागवतो. परंतु सरबताची बाटली ही कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे. ती कोणा दुकानदाराने आणून फळकुटावर ठेवली तरच मिळते. म्हणून परदेशात राहणाऱ्या माणसाने आपल्या आवडत्या पेयासाठी केलेली शोधाशोध वरवर चवीची गोष्ट वाटली, तरी मुळात ती तिजारतीची गोष्ट आहे. गिऱ्हाईक तयार आहे, खिशात पैसा आहे, मग माल का मिळत नाही? किंवा मिळतो तो आपल्या ओळखीचा का वाटत नाही? या प्रश्नांची उत्तरे व्यापारी बंधूंना पुष्कळ काही शिकवणारी आहेत.

बीड जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात व हंगाम संपला की परततात. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत बांधकामाची व कारखान्यांची कामे निघाली, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांनीही तिकडची वाट धरली. परळीत १९७१ साली औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. या केंद्राच्या ठेकेदारांकडे वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग शिकलेली किती तरी मुले माझ्या ओळखीत आहेत, जी पुढे दम्माम, जुबैल, दुबई, दोहा येथे गेली.

माझा धंदा कापडाचा. सुटीवर आलेली ही मुले ईदच्या आधी घरच्यांना कापड घ्यायला दुकानात येतात. थान उलगडता उलगडता तिकडच्या बाजाराच्या गोष्टी निघतात. तिकडे काय मिळत नाही, असे पूर्वी विचारले की यादी लांबलचक असे. आज मसाला, लोणचे, पापड, तांदूळ, सर्व काही मिळते. तरीही दोन गोष्टींबद्दल बोलणे हमखास निघते. एक आपला चहा आणि दुसरे रमजानमधील रूह अफजा.

एका नावाच्या तीन बाटल्या

मराठवाड्यात रूह अफजा घरोघर पोचले, याला इतिहासही कारण आहे. १९४८ पर्यंत परळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. उर्दू शाळा, युनानी हकीम आणि दवाखान्यातून मिळणारी सरबते ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीची होती. सरबत हे त्या काळी औषधाच्या कपाटातील जिन्नस होते. ज्या गावात वैद्यनाथाचे देवस्थान आहे, त्या गावाला औषध आणि गोडवा यांचे नाते वेगळे सांगायला नको.

दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली हमदर्द दवाखाना काढला. दिल्लीच्या उन्हाळ्यात लू लागून लोक हैराण होत. त्यावर थंडावा देणारे सरबत म्हणून त्यांनी रूह अफजा तयार केले. गुलाब, केवडा, खस, कासनी, खुर्फा, धने, पुदिना आणि काही फळे-भाज्या यांचा त्यात उपयोग होतो. १९२२ साली हकीमसाहेबांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी मुले लहान असताना कारभार सांभाळला. पुढे थोरले चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी धंदा वाढवला.

देशाची फाळणी झाली तेव्हा या घराचीही झाली. थोरले अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले. धाकटे हकीम मोहम्मद सईद १९४८ साली कराचीला गेले आणि तेथे त्यांनी हमदर्द नव्याने उभे केले. ढाक्यातही हमदर्दचे काम होते. १९७१ साली बांगलादेश झाला आणि तो कारभारही स्वतंत्र झाला. अशा रीतीने एका सरबताची एकाच नावाने तीन देशांत तीन घरे झाली. तिन्ही ठिकाणी या धंद्याचा कारभार वक्फ म्हणून चालतो. म्हणजे नफा कोणा एकाच्या तिजोरीत न जाता शिक्षण व आरोग्याच्या कामी लागावा, अशी व्यवस्था केलेली आहे. दिल्लीच्या जामिया हमदर्दला १९८९ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तो या सरबताच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या कामामुळे. सरबताच्या एका बाटलीतून विद्यापीठ उभे राहू शकते, ही गोष्ट व्यापारी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता परदेशातील गिऱ्हाइकाकडे वळू. परळीचा मुलगा दम्माममधील एखाद्या दुकानात शिरतो. फळकुटावर लाल सरबताची बाटली दिसते, नावही ओळखीचे असते. तो आनंदाने घेऊन येतो, इफ्तारला ग्लासात ओततो आणि म्हणतो, हे आपले नव्हे. बाटली फिरवून पाहतो तो मागे कराचीचा पत्ता. आखाती दुकानांत मिळणारी बाटली पुष्कळ वेळा पाकिस्तानात तयार झालेली असते. त्याच खोलीत राहणारा लाहोरचा किंवा कराचीचा मुलगा मात्र म्हणतो, खरे रूह अफजा हेच, दिल्लीचे पातळ लागते. आपल्याकडून गेलेली मुले नेमके याच्या उलट सांगतात. मी दोन्ही चाखले आहे. फरक आहे, परंतु चांगले-वाईट असा तो फरक नाही. ज्याने लहानपणी जे प्यायले, ते त्याला खरे वाटते. कापडातही हेच असते. एका गिरणीच्या लठ्ठ्याची सवय झालेला माणूस दुसऱ्या गिरणीचा तेवढाच चांगला लठ्ठा हातात घेऊन नाक मुरडतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर यात फसवणूक नाही. व्यापारचिन्हाचा हक्क देशागणिक असतो. भारतात या नावाचा हक्क दिल्लीच्या हमदर्दचा, पाकिस्तानात कराचीच्या हमदर्दचा. तिसऱ्या देशात काय, हे तेथील नोंदणी आणि वितरक यांवर ठरते. अडचण होते ती माल सरहद्द ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत विकायला आला म्हणजे. दिल्लीच्या हमदर्दने ॲमेझॉनवरून मागवलेल्या रूह अफजाच्या काही बाटल्या पाकिस्तानात तयार झालेल्या निघाल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी असा माल ॲमेझॉनने भारतातील आपल्या विक्रीतून कायमचा काढून टाकावा असा आदेश दिला. खाण्यापिण्याची वस्तू कोणी बनवली आणि कोठून आली हे घेणाऱ्याला कळले पाहिजे, हा त्यातील मुद्दा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘दिल अफजा’ नावाच्या सरबताविरुद्धच्या दाव्यात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने त्या सरबताचे उत्पादन व विक्री दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबवली. नावात अर्धा शब्द सारखा असला तरी गिऱ्हाइकाच्या मनात घोटाळा होऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. बाजारात ‘रीमंड’, ‘सियाराज’ अशा नावाचे कापड विकू पाहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

घरच्याच गावात शोधाशोध

आवडते पेय शोधत फिरण्याची पाळी परदेशातच येते असे नाही. २०१९ साली ती आपल्याच देशात आली. त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रमजान सुरू झाला, ऐन उन्हाळ्यात, आणि बाजारात रूह अफजा नव्हते. काही वनस्पतींचा कच्चा माल मिळण्यात अडचण आली, असे कंपनीकडून सांगण्यात आले. घरातील मालकी हक्काच्या वादाच्या बातम्याही वर्तमानपत्रांत आल्या होत्या. कारण काहीही असो, गिऱ्हाईक दुकानोदुकान फिरत होते. त्या वेळी पाकिस्तानातील हमदर्दच्या प्रमुखांनी वाघा सरहद्दीवरून ट्रक पाठवण्याची तयारी जाहीरपणे दाखवली. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसवलेले होते. त्या भावाने सरबत कोण पिणार?

त्या रमजानमध्ये परळीच्या बाजारात मी पाहिले ते असे. पहिल्या आठवड्यात लोकांनी चौकशी केली. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कंपन्यांची गुलाबाची सरबते घेतली. तिसऱ्या आठवड्यात काहींनी लिंबू, सब्जा आणि साखर यांवर भागवले. पुढे माल आल्यावर बहुतेक लोक जुन्या बाटलीकडे परत आले, परंतु सर्वच परत आले नाहीत. शंभर वर्षांची पत असलेल्या नावालाही रिकामे फळकूट महाग पडते. मग आपल्यासारख्या लहान दुकानदाराने हंगामात माल संपू दिला तर काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा. लग्नसराईत शालू-शेले आणि ईदला पांढरा कुर्ता-पायजमा दुकानात नसेल, तर गिऱ्हाईक अंबाजोगाईला किंवा लातूरला जाते आणि तिकडचे होऊन बसते.

मँचेस्टरचे सरबत, अरबांचा दस्तरखान

परदेशात आपली बाटली मिळाली नाही तर माणूस तहानलेला राहत नाही. तो दुसरी उचलतो. आखातात ही दुसरी बाटली बहुधा विम्टोची असते. जांभळ्या रंगाचे, द्राक्षे, रासबेरी आणि ब्लॅककरंट यांच्या चवीचे हे सरबत आज आखाती देशांत इफ्तारची ओळख झाले आहे. शाबान लागला की दुकानांत त्याच्या बाटल्यांच्या राशी उभ्या राहतात. पुष्कळांना ते अरबी पेय वाटते. प्रत्यक्षात ते १९०८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जॉन निकोल्स या औषधी वनस्पतींच्या व्यापाऱ्याने तयार केले. म्हणजे दिल्लीत रूह अफजा बाजारात येत होते, त्याच सुमारास. दोन्ही पेये औषधाच्या दुकानातून निघाली, हे विशेष.

आखातात ते कसे रुजले? औजान या व्यापारी घराण्याने १९२८ साली त्याच्या विक्रीचे हक्क मिळवले. तेव्हा सौदी अरेबियात तेल निघायचे होते. या घराण्याने माल सतत पुरवला, रमजानचा हंगाम धरला आणि १९७९ पासून दम्माममध्ये तो तयार करायला सुरुवात केली. पन्नास वर्षे आयात करून गिऱ्हाईक पक्के केले आणि मग कारखाना घातला. आपल्याकडे पुष्कळदा आधी कर्ज काढून कारखाना उभा राहतो आणि गिऱ्हाईक नंतर शोधले जाते.

कापडाच्या धंद्यातील मंडळींना याचे जोड उदाहरण माहीत असेल. अरब लोक अंगात घालतात त्या पांढऱ्या थोबचे उंची कापड जपानमधून येते. तोयोबो आणि शिकिबो ही नावे रियाधच्या शिंप्याला पाठ असतात. थोबचा पोशाख अरबांचा, कापड जपानचे. इफ्तारचे सरबत अरबांच्या दस्तरखानावर, मूळ मँचेस्टरचे. गिऱ्हाइकाला हवे तसे, दर वेळी त्याच गुणाचे आणि वेळेवर दिले, तर परक्याचा मालही घरचा होतो.

‘कडक’चे ‘करक’ झाले

चहाची गोष्ट याच्या उलट आहे. सुरुवातीच्या काळात गेलेल्या मुलांची तक्रार अशी की, तिकडे चहा म्हणजे गरम पाण्यात सोडलेली पुडी, वर साखर. दूध उकळून, आले-वेलची टाकून केलेला चहा कोठे मिळेना. मग केरळच्या, हैदराबादच्या आणि पाकिस्तानच्या लोकांनी छोट्या टपऱ्या काढल्या. ताजे दूध महाग व दुर्मिळ, म्हणून डब्यातील आटवलेले दूध वापरले. टॅक्सीवाले, मजूर, ड्रायव्हर हे पहिले गिऱ्हाईक. आज तोच चहा ‘करक’ या नावाने दुबई, दोहा येथील अरब तरुण मोटारीत बसून मागवतात. ‘करक’ म्हणजे आपला ‘कडक’च. अरबी जिभेला ‘ड’ जमत नाही, म्हणून त्याचा ‘र’ झाला.

येथे शोधाशोध करणारा माणूस स्वतःच दुकानदार झाला. आपल्याला जे मिळत नाही ते आपल्यासारख्या हजारोंना मिळत नसणार, एवढे ज्याने ओळखले त्याने धंदा उभा केला. परळीतून गेलेल्या मुलांपैकी असे दुकान काढलेला मला तरी कोणी ठाऊक नाही. आपण वेल्डर झालो, सुपरवायझर झालो, टपरी मात्र दुसऱ्याने काढली. ही खंत बोलून दाखवली पाहिजे.

कोकणच्या लोकांनी तिसरा मार्ग काढला. रत्नागिरी, रायगडचे मुस्लिम बांधव जहाजांवर, आफ्रिकेत आणि आखातात आपल्या कितीतरी आधी गेले. त्यांचे आवडते पेय सोलकढी आणि कोकमचे सरबत. त्यासाठी त्यांना कोणत्या कंपनीची वाट पाहावी लागली नाही. वाळवलेली आमसुले वजनाला हलकी, महिनोन् महिने टिकणारी. ती सामानात जातात. नारळाचे दूध डब्यात तिकडे मिळतेच. आमसुले भिजवली, नारळाचे दूध, लसूण, मिरची घातली की सोलकढी तयार. जी चव वाळवून नेता येते, तिला परमुलखात वितरकाची गरज लागत नाही.

थम्स अपची गोष्ट मात्र हाताबाहेरची. १९७७ साली कोका-कोलाने भारत सोडल्यावर पार्लेने हे पेय काढले आणि १९९३ साली ते कोका-कोलालाच विकले गेले. परदेशात प्रत्येक दुकानात कोका-कोला मिळतो, आणि आपला माणूस मात्र भारतीय किराणा दुकानांत थम्स अप विचारत फिरतो. दोन्ही एकाच मालकाची. कोणते कोठे ठेवायचे हे तो मालक ठरवतो, गिऱ्हाईक नव्हे.

कराचा आणि लेबलाचा हिशेब

आखातात गोड पेयांचा भाव गेल्या काही वर्षांत वाढला, त्याला कर कारणीभूत आहे. सौदी अरेबियाने जून २०१७ मध्ये सोड्याच्या शीतपेयांवर ५० टक्के व एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के अबकारी कर बसवला. डिसेंबर २०१९ पासून इतर साखरयुक्त पेयांनाही ५० टक्के कर लागू झाला. संयुक्त अरब अमिरातीने २०१७ व २०२० साली तशीच पावले उचलली आणि १ जानेवारी २०२६ पासून साखरेच्या प्रमाणाप्रमाणे लिटरमागे कर घेण्याची पद्धत आणली. महिन्याला ठराविक रक्कम घरी पाठवणाऱ्या मजुराला हा फरक जाणवतो. म्हणून पुष्कळ जण सुटीवरून परतताना येथूनच बाटल्या नेतात.

नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विमानात हातातील बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही. बाटली मोठ्या सामानातच, पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवावी. आणि तिकडून येताना हौसेने सरबत आणायचे असेल तर आधी मागचे लेबल वाचावे. २ मे २०२५ पासून भारताने पाकिस्तानी मालाची आयात, थेट असो वा तिसऱ्या देशातून, पूर्ण बंद केली आहे. नाव ओळखीचे म्हणून कराचीच्या बाटल्या बॅगेत भरल्या तर कस्टमच्या टेबलावर त्या सोडून याव्या लागतील, वर खुलासे देत बसावे लागेल ते वेगळेच.

आता शेवटचा मुद्दा. आपल्या भागातून काही पाठवता येईल काय? बाटलीबंद सरबतात मोठ्या कंपन्यांशी आपण टक्कर देऊ शकत नाही आणि कराचा बोजाही त्यावरच आहे. परंतु कोकणच्या आमसुलाप्रमाणे वाळवून, हलके करून नेता येईल असे आपल्याकडेही काही आहे. चहाचा मसाला, सुंठ, सब्जा आणि आंबिलीसाठी दळलेले ज्वारीचे पीठ यांना साखरेचा कर लागत नाही, काचेची बाटली लागत नाही. यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक लागतो, त्याची फी ५०० रुपये आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना लागतो. पुडीवर अरबीत मजकूर आणि तयार झाल्याची व मुदत संपण्याची तारीख छापावी लागते. सौदीत माल तेथील अन्न व औषध प्राधिकरणाच्या तपासणीतून जातो. कागदपत्रे आहेत, पण परळीच्या मुलाला करता येणार नाहीत अशी नाहीत.

सुरुवात मोठी नको. ज्या मुलांचे दहा-वीस वर्षे तिकडे वास्तव्य आहे, ज्यांना कोणत्या गल्लीत कोणाचे किराणा दुकान आहे हे तोंडपाठ आहे, ते आपले पहिले दलाल होऊ शकतात. येत्या सुटीत ती आपल्या दुकानात आली, तर ‘कधी परत जाणार’ एवढेच विचारू नका. तिकडे काय मिळत नाही, किती भावाला मिळते, पुडीवर कोणाचे नाव असते, हेही विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माल पाठवलाच तर पहिल्या पुडीचा गुण दहाव्या पुडीलाही ठेवा. परमुलखातील गिऱ्हाईक एकदा फसले की तो परत येत नाही, आणि त्याच्या खोलीतील दहा जणही येत नाहीत.